उपायाकडून मात्रेकडे : ‘जिंजर स्नॅप्स २ : अनलीश्ड’ या भयपटाचे चिकित्सक अवलोकन

गोषवारा

भयपटाचा उत्तरभाग म्हणजे यशस्वी कल्पनेची व्यावसायिक गरजेतून केलेली पुनरावृत्ती, असा समज समीक्षेत रूढ आहे. २००४ साली प्रदर्शित झालेला ‘जिंजर स्नॅप्स २ : अनलीश्ड’ हा अल्प खर्चात तयार झालेला कॅनेडियन चित्रपट या समजाला छेद देतो. पहिल्या भागात जो उपाय ठरला होता, तो या उत्तरभागात रोग केवळ लांबणीवर टाकणारी मात्रा ठरतो. या एका बदलामुळे कथेचा केंद्रबिंदू राक्षसाकडून रुग्णाकडे, आणि रुग्णाकडून त्याचे म्हणणे ऐकणाऱ्यांकडे सरकतो. प्रस्तुत लेखात वृकमानवपटांच्या परंपरेच्या पार्श्वभूमीवर या स्थित्यंतराचा अर्थ तपासला आहे.

बीजसंज्ञा : भयपट, उत्तरभाग, वृकमानव, उपचारसंस्था, निवेदन.

प्रस्तावना

माणसाचा लांडगा होतो ही युरोपीय लोककथांमधील जुनी कल्पना आहे. इंग्रजीत अशा प्राण्याला ‘वेअरवुल्फ’ म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘वृकमानव’ हा शब्द योजला आहे. बोलपटाच्या आरंभकाळापासून हॉलिवूडने या कल्पनेचा सातत्याने वापर केला आणि त्यातून एक ठराविक कथासूत्र सिद्ध झाले. एखादा सामान्य मनुष्य अशा प्राण्याच्या चाव्याने बाधित होतो, आपल्यातील बदल त्याला कळतो, इतरांना तो पटत नाही आणि अखेर त्याचा वध होतो. वधाबरोबर कथा संपते व प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातो.

या कथासूत्राची समाप्ती मृत्यूत होत असल्याने त्याचा उत्तरभाग रचणे अवघड असते. मेलेल्याला परत कसे आणायचे आणि बरा झालेल्याला पुन्हा बाधित कसे करायचे, हे दोन प्रश्न प्रत्येक उत्तरभागापुढे उभे राहतात. बहुतेक निर्माते त्यांची सोडवणूक एखाद्या सोयीस्कर योगायोगाने करतात. दिग्दर्शक ब्रेट सलिव्हन व पटकथालेखिका मेगन मार्टिन यांच्या ‘जिंजर स्नॅप्स २ : अनलीश्ड’ या चित्रपटाने मात्र दुसऱ्या प्रश्नालाच आपला विषय बनवले. उपाय टिकत नसेल तर बाधित व्यक्तीने जगायचे कसे, असा तो प्रश्न होय. हा प्रश्न भयपटाच्या चौकटीत विचारला गेला असला तरी त्याचा रोख दीर्घकालीन आजार, व्यसनमुक्ती व संस्थात्मक उपचार यांच्या वास्तवाकडे आहे, आणि म्हणूनच हा चित्रपट गंभीर अभ्यासास पात्र ठरतो.

वृकमानवपटातील उपायाची परंपरा

या चित्रपटाचे वेगळेपण समजून घेण्यासाठी त्याच्या पूर्वसूरींकडे पाहणे आवश्यक आहे. १९३५ साली युनिव्हर्सल या निर्मितीसंस्थेने ‘वेअरवुल्फ ऑफ लंडन’ हा चित्रपट सादर केला. स्टुअर्ट वॉकर दिग्दर्शित या चित्रपटाचा नायक वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. चंद्रप्रकाशात उमलणाऱ्या एका दुर्मीळ फुलाच्या शोधात तो तिबेटमध्ये जातो आणि तेथे त्याला वृकमानव चावतो. तेच फूल या बाधेवरील उतारा आहे. परंतु त्याचा परिणाम तात्पुरता असतो. फुलांची संख्या मर्यादित आणि बाधित दोघे, यातून संघर्ष निर्माण होतो. उपाय आणि मात्रा यांतील अंतर या चित्रपटात बीजरूपाने आढळते. मात्र कथेने ते पुढे विकसित केले नाही.

१९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’ या जॉर्ज वॅगनर दिग्दर्शित चित्रपटाने उपायाची शक्यताच नाकारली. कर्ट सिओडमॅक यांच्या पटकथेत लॅरी टॅलबॉट या नायकाचा अंत स्वतःच्या पित्याच्या हातून, चांदीची मूठ असलेल्या काठीच्या प्रहारांनी होतो. परंतु चित्रपट लोकप्रिय झाला आणि टॅलबॉटला परत आणणे क्रमप्राप्त ठरले. १९४३ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’मध्ये त्याचे थडगे उघडले जाते आणि तो जिवंत होऊन कार्डिफ येथील रुग्णालयात पोहोचतो. आपण वृकमानव आहोत हे तो डॉक्टरांना कळवळून सांगतो. त्याचे म्हणणे भ्रम मानून त्याला जखडून ठेवले जाते. या चित्रपटातील टॅलबॉटला जगण्याचा उपाय नको आहे. त्याला मरणाचा मार्ग हवा आहे. १९४५ च्या ‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’मध्ये एका डॉक्टरच्या शस्त्रक्रियेने तो खरोखर बरा होतो आणि पूर्णचंद्राखाली माणूस म्हणून उभा राहतो. पुढे १९४८ साली ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ या विनोदी चित्रपटात मात्र तो पुन्हा वृकमानव झालेला दिसतो. मधल्या काळात त्याच्या बरे होण्याचे काय झाले, याचे स्पष्टीकरण देण्याची गरज कोणालाही वाटलेली नाही.

ही विस्मृती सूचक आहे. उत्तरभागाच्या अर्थकारणाला राक्षस हवा असतो, त्यामुळे उपाय गुपचूप रद्द केला जातो. १९८१ च्या जो डान्टे दिग्दर्शित ‘द हाउलिंग’ची नायिका थेट प्रक्षेपणात लांडग्यात रूपांतरित होते व तिला गोळी घातली जाते. १९८५ साली आलेला फिलिप मोरा दिग्दर्शित दुसरा भाग तिच्या अंत्यविधीपासून सुरू होतो आणि नंतर पूर्व युरोपातील वृकमानवांच्या राणीची वेगळीच कथा सांगू लागतो. ख्रिस्तोफर ली यांच्यासारखा अभिनेता असूनही पहिल्या भागाने उभे केलेले प्रश्न तेथे पुढे जात नाहीत. त्यातही उल्लेखनीय बाब अशी की, ‘द हाउलिंग’मध्ये वृकमानवांची वस्ती एका मानसोपचारतज्ज्ञाच्या उपचारकेंद्राच्या रूपात दाखवली आहे. रुग्णालय आणि उपचारकेंद्र ही स्थळे या परंपरेत पूर्वीपासून होती. त्यांचा सखोल विचार मात्र झालेला नव्हता.

पहिल्या भागातील आश्वासन

जॉन फॉसेट दिग्दर्शित व कॅरेन वॉल्टन लिखित ‘जिंजर स्नॅप्स’ हा पहिला भाग २००० सालचा. बेली डाउन्स या नीटनेटक्या उपनगरात राहणाऱ्या जिंजर आणि ब्रिजिट फिट्झजेराल्ड या दोन बहिणींची ही कथा आहे. जिंजरला प्रथम ऋतुप्राप्ती होते त्याच रात्री वृकमानव तिला चावतो, आणि तिच्या शरीरात होणारे बदल हे वयात येण्याचे बदल आहेत की लांडगा होण्याचे, याविषयी कुटुंबात आणि शाळेत गोंधळ निर्माण होतो. बार्बरा क्रीड यांनी १९९३ च्या ग्रंथात भयपटातील स्त्रीदेहाच्या राक्षसीकरणाची जी चिकित्सा केली, तिच्या प्रकाशात या चित्रपटाचे वाचन अनेक अभ्यासकांनी केले आहे. हा चित्रपट ते राक्षसीकरण वापरतो आणि त्याच वेळी त्याची थट्टाही करतो.

या निर्मितीला सामाजिक वादाचीही पार्श्वभूमी होती. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन आणि कॅनडातील टेबर येथील शाळांमध्ये गोळीबाराच्या घटना घडल्या. त्या वातावरणात किशोरवयीन मुलांच्या हिंसेवरील चित्रपटाला ‘टेलिफिल्म कॅनडा’ या सार्वजनिक संस्थेने साहाय्य द्यावे काय, यावर वृत्तपत्रांतून टीका झाली आणि टोरांटोतील काही पात्रनिवड करणाऱ्यांनी या कामास नकार दिला.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो पहिल्या भागातील उपाय. ‘मंक्सहूड’ या वनस्पतीचा अर्क टोचल्यास बाधा उतरते, असे त्यात दाखवले आहे. ही वनस्पती अ‍ॅकोनायटम या प्रजातीतील असून तिची हिमालयीन भावंडे मराठी वाचकाला बचनाग या नावाने परिचित आहेत. जिंजरमुळे बाधित झालेला एक मुलगा या अर्काने माणसात येताना दिसतो. म्हणजे उपाय प्रत्यक्ष सिद्ध होतो. बहिणीला सोडून जायचे नाही म्हणून ब्रिजिट तिचे रक्त आपल्या रक्तात मिसळते. अखेरच्या प्रसंगी तिच्या एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात सुई असते. जिंजर सुरीवर झेपावते व मरते. ब्रिजिट मागे उरते. ती बाधित आहे, परंतु औषध तिच्याजवळ आहे. प्रेक्षक शोक करतो, तरी तिच्या भवितव्याविषयी तो फारसा साशंक नसतो.

मात्रेचे गणित

उत्तरभाग या आश्वासनालाच हात घालतो. घर सोडून एकटी भटकणारी ब्रिजिट स्वतःला नियमितपणे अर्क टोचून घेते. ती अंगावरील वाढते केस काढते, हातावर छेद घेते आणि जखम भरण्यास किती वेळ लागला याची नोंद ठेवते. जखम जितकी लवकर भरेल तितकी बाधा पुढे गेली असा त्याचा अर्थ. सर्वसाधारण जीवनात जखम लवकर भरणे हे आरोग्याचे लक्षण मानले जाते. येथे तेच धोक्याचे मोजमाप ठरते. या उलटापालटीतून चित्रपटाने रुग्णाचे अंतर्विश्व फार थोड्या साधनांत उभे केले आहे. मोठ्या खर्चाच्या चित्रपटाने रूपांतराचे दृश्य दाखवले असते. हा चित्रपट एक घड्याळ, एक नोंदवही आणि एक छेद दाखवतो.

वनस्पतीच्या निवडीमुळे या गणिताला अधिक अर्थ प्राप्त होतो. मंक्सहूड ही अत्यंत विषारी वनस्पती आहे. तिच्यातील अ‍ॅकोनिटिन हे द्रव्य हृदयाच्या गतीवर परिणाम करते व अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरू शकते. युरोपात लांडगे मारण्यासाठी आमिषात तिचा उपयोग होत असे. लोककल्पनेतील तिचे वृकमानवाशी असलेले नाते त्यातून सुसंगत वाटते. आयुर्वेदातही वत्सनाभ म्हणजे बचनाग हे विष मानले आहे आणि शोधनसंस्कार केल्यावरच, अत्यल्प मात्रेत, त्याचा औषधी उपयोग सांगितला आहे. विष आणि औषध यांतील फरक पदार्थात नसून मात्रेत व संस्कारात असतो, ही जाण दोन्ही परंपरांत आहे. ब्रिजिटजवळ संस्कार नाहीत, वैद्य नाही आणि मात्रा सतत वाढवावी लागते. लांडगा होऊ नये म्हणून ती जे घेते तेच तिला मारू शकते. चित्रपटाच्या आरंभी ती अतिमात्रेनेच कोसळते, आणि तिला वाचवू पाहणारा ग्रंथालयातील तरुण तिच्या मागावर असलेल्या नर वृकमानवाचा बळी ठरतो.

येथे मृत जिंजर परत येते. तिला परत आणण्यासाठी पटकथेने पुनरुज्जीवनाचा आधार घेतलेला नाही. ती केवळ ब्रिजिटला दिसणारा भास आहे आणि तिचे म्हणणे एकच आहे : हा लढा व्यर्थ आहे, बदल अटळ आहे. कॅथरीन इझाबेल यांनी ही भूमिका कुत्सित प्रेमाने साकारली आहे. लोकप्रिय पात्र परत आणण्याची व्यावसायिक निकड अशा रीतीने रुग्णाच्या मनातील थकव्याचा आवाज बनते. टॅलबॉटचा उपाय त्याच्या निर्मात्यांनी विस्मृतीत टाकला. ब्रिजिटचा उपाय प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत, दिवसागणिक निकामी होत जातो.

संस्थेची भाषा

शुद्धीवर आल्यावर ब्रिजिट ‘हॅपियर टाइम्स’ या पुनर्वसनकेंद्रात असते. अंगावर सुयांच्या खुणा, हातावर छेद, जवळ अनोळखी द्रव्य आणि बोलण्यात मरण पावलेली बहीण, हे सर्व पाहून तिला व्यसनी व आत्मघातकी ठरवले जाते. संस्थेचे हे निदान अवाजवी नाही, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. उपलब्ध खुणांवरून कोणताही सुजाण समुपदेशक हाच निष्कर्ष काढील. जॅनेट किडर यांनी साकारलेली अ‍ॅलिस ही केंद्रप्रमुख दुष्ट नाही. ती आपल्या परीने काळजी घेणारी आहे. चित्रपटाची परिणामकारकता नेमकी येथे आहे. अन्याय घडण्यासाठी अन्यायी व्यक्ती असावीच लागते असे नाही. प्रत्येक उत्तराचा अर्थ आधीच ठरवून ठेवणारी भाषा पुरेशी असते.

या भाषेत नकार हे व्यसनाचे लक्षण आहे. औषध मागणे हेही लक्षण आहे आणि मौन हेही. ब्रिजिट जे काही बोलेल त्याने निदान दृढच होते. १९४३ च्या चित्रपटातील डॉक्टरांनी टॅलबॉटला वेडा ठरवले तेव्हा कथा त्याला लवकरच तेथून पळवून नेते, आणि तो प्रसंग केवळ वाटेतला अडथळा राहतो. येथे मात्र संस्था हेच मुख्य स्थळ आहे. संस्थेचा उपचार म्हणजे द्रव्य बंद करणे. आणि ब्रिजिटच्या बाबतीत द्रव्य बंद करणे म्हणजेच रूपांतर घडवून आणणे. सद्हेतू आणि परिणाम यांच्यातील ही फारकत चित्रपटातील सर्वात खरी भीती आहे.

संस्थेच्या अधिकृत भाषेखाली एक अनधिकृत व्यवहारही चालू असतो. टायलर हा तेथील कर्मचारी मुलींना शरीरसंबंधांच्या बदल्यात मादक द्रव्ये पुरवतो. एरिक जॉन्सन यांनी ही व्यक्तिरेखा उघड खलनायकासारखी न रंगवता मनमिळाऊ व व्यवहारी ठेवली आहे. ब्रिजिटचा अर्कही त्याच्याकडे आहे आणि तोही याच बोलीवर मिळू शकतो. अ‍ॅलिस मन लावून ऐकते, परंतु ब्रिजिटला हवे ते देत नाही. टायलर काहीही ऐकत नाही, मात्र किंमत घेऊन द्यायला तयार असतो. या दोन टोकांमध्ये सापडलेली ब्रिजिट तिसऱ्या वाटेने जाते, आणि तीच तिच्या नाशाची वाट ठरते.

ऐकणारी मुलगी

ही तिसरी वाट म्हणजे घोस्ट. गंभीर भाजलेल्या आजीसोबत त्याच इमारतीत राहणारी ही अल्पवयीन मुलगी चित्रकथांची वेडी आहे आणि स्वतःविषयी तृतीयपुरुषी निवेदन करीत बोलते, जणू तिचे जगणे हे चित्रचौकटीवरील मजकूरच आहे. टाटियाना मासलानी यांची ही आरंभीची महत्त्वाची भूमिका. पुढे २०१३ ते २०१७ या काळात प्रक्षेपित झालेल्या ‘ऑर्फन ब्लॅक’ या मालिकेने त्यांना जगभर ओळख मिळवून दिली. पहिल्या भागाचे दिग्दर्शक फॉसेट हेच त्या मालिकेच्या निर्मात्या द्वयीपैकी एक होते.

संपूर्ण चित्रपटात ब्रिजिटवर विश्वास ठेवणारी घोस्ट ही एकमेव व्यक्ती आहे. तिला वृकमानव खरे वाटतात, कारण तिच्या चित्रकथांत ते असतात. ब्रिजिटला आणि प्रेक्षकालाही हायसे वाटते. जिच्या मृत्यूने कथा सुरू झाली त्या बहिणीची रिकामी जागा भरून निघते असे भासते. दोघी केंद्रातून निसटून घोस्टच्या आजीच्या एकाकी घरी येतात. पहिल्या भागातील भगिनीप्रेमाची पुनरावृत्ती होत आहे, असे प्रेक्षकाला वाटावे अशीच ही मांडणी आहे.

मात्र हळूहळू दुसरेच सत्य समोर येते. टायलर त्या घरी आल्यावर, त्याने आपल्याशी गैरवर्तन केल्याचे घोस्ट ब्रिजिटच्या मनात भरवते. संतापलेली ब्रिजिट त्याला बाहेर कोंडते आणि नर वृकमानव त्याला ठार करतो. आजीला जाळणारी घोस्टच होती, हेही ब्रिजिटला उमगते. अखेरच्या संघर्षात नर वृकमानव मरतो, अ‍ॅलिस घोस्टच्या हातोडीच्या घावांनी मरते आणि जवळजवळ रूपांतरित झालेली ब्रिजिट आपल्याला मारून टाक अशी विनवणी करते. टॅलबॉटचीच ही जुनी मागणी आहे. घोस्ट ती नाकारते, तळघराचे दार बंद करते आणि आपल्या शत्रूंवर सोडण्यासाठी एक हुकमी श्वापद वाढवू लागते. ‘अनलीश्ड’ म्हणजे साखळीतून मोकळी सुटलेली. शीर्षकातील हा शब्द शेवटी विदारक उपरोध ठरतो. सुटते ती घोस्टची कल्पनाशक्ती, आणि साखळीत राहते ती ब्रिजिट.

या समाप्तीचा अर्थ केवळ कथेला दिलेल्या कलाटणीपुरता मर्यादित नाही. अ‍ॅलिसने ब्रिजिटचे म्हणणे आपल्या शास्त्राच्या परिभाषेत बसवले. घोस्टने ते आपल्या चित्रकथेत बसवले. एकीने अविश्वास दाखवला, दुसरीने पूर्ण विश्वास. तरीही दोघींच्या ऐकण्यात एक साम्य आहे : दोघींनाही समोरच्या व्यक्तीची कथा आधीच ठाऊक होती. पीडिताचे म्हणणे खरे मानणे ही मदतीची पहिली अट आहे. ती पुरेशी अट नव्हे, असे चित्रपट सुचवतो. ब्रिजिटच्या देहावर अखेर लांडग्याचा ताबा येतो, पण त्याआधीच तिच्या कथेवर दुसऱ्या कोणाचा तरी ताबा आलेला असतो.

मर्यादा

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. मागावर असलेला नर वृकमानव हा कथानकाला गती देणारे यंत्र आहे. त्याला स्वतंत्र अर्थ प्राप्त होत नाही. खर्चाच्या मर्यादेमुळे त्याचे दर्शन बहुतांशी अंधारात व ओझरते राहते. आरंभी ही काटकसर भय वाढवते, उत्तरार्धातील झटापटीत मात्र तीच गोंधळ निर्माण करते. केंद्रातील इतर मुली थोडक्यात आटोपल्या आहेत. त्यांचे दुःख प्रसंगापुरते वापरले जाते आणि संस्थेविषयीची चिकित्सा त्यामुळे काहीशी एकांगी होते.

अधिक गंभीर आक्षेप टायलरच्या प्रसंगाविषयी घेता येतो. जो पुरुष प्रत्यक्षात अनेक मुलींचे शोषण करतो, त्याचा मृत्यू न घडलेल्या शोषणाच्या आरोपामुळे होतो. अशा विषयात खोट्या आरोपाचा आधार घेणे धोक्याचे आहे, कारण मुली खोटे बोलतात या रूढ पूर्वग्रहाला त्यातून बळ मिळू शकते. चित्रपटाच्या बाजूने इतके म्हणता येईल की, टायलरला निर्दोष ठरवण्याचा मोह त्याने टाळला आहे. त्याचा खरा अपराध पडद्यावर आधीच स्पष्ट दिसलेला असतो, आणि संस्थेने त्याची दखल घेतलेली नसते. खऱ्या तक्रारीला जेथे जागा नाही तेथे खोटी गोष्ट प्रभावी ठरते, असा त्याचा अर्थ लावता येतो. मात्र हा अर्थ पटकथेत पुरेसा ठसत नाही. तो प्रेक्षकालाच जुळवावा लागतो.

या मर्यादांच्या तुलनेत एमिली पर्किन्स यांचा अभिनय ही चित्रपटाची मोठी जमेची बाजू आहे. खांदे पाडून, नजर टाळून, तुटक बोलणारी त्यांची ब्रिजिट सहानुभूतीची याचना करीत नाही. तिचा हट्ट हा जगण्याचा हट्ट नसून माणूस राहण्याचा आहे, आणि या दोहोंतील फरक त्यांनी संवादांशिवायही व्यक्त केला आहे.

निष्कर्ष

‘जिंजर स्नॅप्स २’ हा तिसऱ्या भागासोबतच, अल्बर्टा प्रांतातील एडमंटन परिसरात पाठोपाठ चित्रित झाला. तिसरा भाग कथा १८१५ सालात नेतो आणि त्याच दोघी बहिणींचे पूर्वावतार उभे करतो. म्हणजे दुसऱ्या भागाच्या शेवटानंतर पुढे जाण्याची वाट निर्मात्यांनीही शोधली नाही. चित्रपटगृहांत दुसऱ्या भागाला अल्प प्रतिसाद मिळाला. तरीही उत्तरभाग या प्रकाराविषयी त्याने मांडलेला विचार मोलाचा आहे.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वृकमानवपटांच्या परंपरेत उपाय हा नेहमीच उत्तरभागाच्या सोयीसाठी बळी गेला आहे. या चित्रपटाने त्या बळीलाच कथाविषय केले. दुसरी, उपायाची मात्रा होताच भयाचे स्वरूप बदलते. भय आता पौर्णिमेच्या एका रात्रीत न राहता रोजच्या सुईत, नोंदीत आणि मोजणीत येते, आणि ज्यांना आयुष्यभर औषधावर तगावे लागते त्यांच्या अनुभवाशी ते नाते सांगू लागते. तिसरी गोष्ट ऐकण्याच्या जबाबदारीची आहे. रुग्णालय, समुपदेशनकेंद्र वा शिक्षणसंस्था, जेथे जेथे एखादी व्यक्ती आपली अडचण दुसऱ्यासमोर मांडते, तेथे ऐकणाऱ्याजवळ तयार चौकट असतेच. ती टाळता येत नाही. समोरचा मनुष्य त्या चौकटीबाहेर कोठे उरतो, हे पाहण्याचे भान मात्र ठेवता येते. ब्रिजिटच्या वाट्याला ते भान असलेला एकही श्रोता आला नाही. तिला तळघरात नेणारे कारण लांडग्याच्या चाव्याइतकेच हेही आहे.

अल्प खर्चाच्या, दुर्लक्षित भयपटात असा विचार सापडतो, तेव्हा कनिष्ठ मानल्या गेलेल्या कलाप्रकारांकडे पाहण्याची समीक्षेची चौकटही तपासून पाहणे अगत्याचे ठरते.